जर्मनची नाव

आमच्या भागात ॲल्युमिनियमला 'जर्मन' म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची परात. यात त्या देशाचा अपमान नाही आणि गौरवही नाही. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, की याला जर्मन का म्हणायचं? आजी म्हणाली, "पितळ नाही म्हणून." इतकं परिपूर्ण उत्तर मला पुढे कॉमर्स कॉलेजात एकाही प्राध्यापकानं दिलं नाही.

त्यामुळे "आम्ही पाच जण मिळून ॲल्युमिनियमची जुनी बोट घेतोय" हे मी घरी जाहीर केलं, तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "जर्मनची नाव? आणि राखेनं घासायची कोणी?" सौभाग्यवतींनी विचारलं, "ठेवायची कुठं?" चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, तुम्हाला पोहता येतं?" तिन्ही प्रश्न वर्मावरचे होते. मी तिन्ही प्रश्न, बँकेत अवघड ग्राहकाला सांगतो तसे, 'उद्या बघू' या सदरात टाकले.

या सगळ्याचं मूळ आमचे रोखपाल. टाळेबंदीच्या काळात त्यांनी मोबाइलवर परदेशी माणसं तळ्यात गळ टाकून बसलेली पाहिली. चकचकीत छोटी बोट, त्यात एक माणूस, एक थर्मास, आणि आजूबाजूला एकही खातेदार नाही! ते चित्र रोखपालांच्या काळजात रुतलं. दुपारच्या डब्याच्या वेळी त्यांनी ते आम्हाला दाखवलं आणि पोळीचा घास हातात तसाच ठेवून पाच माणसं मच्छीमार झाली. त्यातले दोघे तर शाकाहारी.

आता बुलढाणा जिल्हा आणि बोट यांचा संबंध काय, असं कोकणातला वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. पैनगंगा आमच्याच डोंगरात उगम पावते, पण आमच्याकडे असेपर्यंत ती फार लहान असते. मोठी झाली की परजिल्ह्यात जाते. आमची मुलंही तेच करतात. बारमाही म्हणावं असं प्रसिद्ध पाणी एकच, लोणारचं सरोवर. आकाशातून दगड पडून झालेला पावणेदोन किलोमीटरहून मोठा खड्डा. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, 2020 च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी ते रामसर यादीत गेलं. सगळं झालं, पण पाणी इतकं खारट आणि क्षारी, की त्यात मासा राहात नाही. म्हणजे जगभरातले शास्त्रज्ञ जिथं येतात, तिथं गळ टाकून बसणारा माणूस जन्मभर बसून राहील. रोखपालांनी पहिल्यांदा तेच तळं सुचवलं होतं.

पण धरणं आहेत. नळगंगा आहे, येळगाव आहे, पेनटाकळी आहे, खडकपूर्णा आहे. शिवाय वैनगंगेचं पाणी सव्वाचारशे किलोमीटर कालव्यानं नळगंगेपर्यंत आणायच्या योजनेला सरकारनं 2024 मध्ये मंजुरी दिली आहे. आमची बोट त्याआधीची. तेव्हा योजनेचं श्रेय आम्ही घेत नाही.

कॉमर्सच्या माणसाला जुना माल घेताना त्याचा पूर्वेतिहास तपासायची सवय असते. तारण ठेवायला आलेल्या घराचा तीस वर्षांचा शोध आम्ही घेतो, मग नावेचा का नको? मी वाचायला बसलो आणि बोटीपेक्षा धातूतच अडकलो. हे जर्मन एके काळी सोन्याच्या पंगतीला बसत होतं! फ्रान्सचा तिसरा नेपोलियन खाशा पाहुण्यांना ॲल्युमिनियमचे काटे-चमचे देई आणि बाकीच्यांची सोन्यावर भागवी, असं सांगतात. 1884 साली वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर मानाचा कळस म्हणून बसवला तो ॲल्युमिनियमचा. आणि अवघ्या दोन वर्षांनी, 1886 मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू अशा दोन तरुणांनी एकमेकांना न विचारता विजेच्या साहाय्यानं हा धातू स्वस्तात वेगळा करायची एकच रीत शोधली. दोघांचं जन्मसाल एक, 1863, आणि मृत्यूचं सालही एकच, 1914. पत्रिका जुळावी तर अशी. त्यानंतर भाव जो गडगडला, तो इतका की 1898 मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी करायला घेतली. बादशहाच्या ताटातून आमच्या मांडणीवर यायला त्याला अर्धं शतकही लागलं नाही.

भाव पडल्यावर कुणाला तरी बोट सुचणारच. ती सुचली आल्फ्रेड नोबेल यांना. होय, तेच, पारितोषिकवाले आणि सुरुंगाच्या दारूवाले. 1891 मध्ये झुरिकच्या एशर विस कारखान्यानं त्यांच्यासाठी 'मिन्यों' नावाची ॲल्युमिनियमची नौका बांधली. आता गंमत पाहा. ज्या गृहस्थाच्या नावावर ॲल्युमिनियमच्या पहिल्यावहिल्या नौकांपैकी एक आहे, त्याच गृहस्थाची दुसरी निर्मिती, म्हणजे डायनामाइट, पाण्यात फोडून मासे मारायची चाल इतकी बोकाळली, की 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यात त्यावर बंदीचं कलम घालावं लागलं. मासेमारीला एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं काढून घेणारा असा खातेदार विरळा.

पण मला खरा उपयोगी पडला तो 1895 चा 'डिफेंडर'. अमेरिकेची शर्यतीची शिडाची नौका. वजन कमी व्हावं म्हणून वरचा भाग ॲल्युमिनियमचा केला आणि पाण्याखालचा भाग ब्राँझचा. शर्यत जिंकली! पण ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या गोत्रातला धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात बसले, की त्यांची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम बिचारं झिजत जातं. सासर-माहेर म्हणा हवं तर. सहा वर्षांत, 1901 मध्ये, ती विजेती नौका मोडीत काढली. हे मी वहीत लिहून ठेवलं : 'पितळेचा स्क्रू दिसल्यास सावध.' ते वाचून रोखपाल हसले होते. ते पुढे येईलच.

आम्हाला हवी होती ती छोटी बोट मात्र युद्धाचं अपत्य. ग्रुमन नावाची अमेरिकन कंपनी लढाऊ विमानं करी. तिच्या एका अधिकाऱ्यानं 1944 मध्ये सुट्टीत एक जड लाकडी होडी डोंगरातून खांद्यावर वाहून नेली आणि खांदा चोळत विचार केला, की विमानाचा पत्रा वापरला तर? 1945 मध्ये महायुद्ध संपलं, विमानांची मागणी आटली, आणि त्याच पत्र्याच्या, तशाच रिव्हेट मारलेल्या होड्या निघू लागल्या. साधा माणूस ती डोक्यावर घेऊन तळ्यापर्यंत जाऊ शकतो, हा शोध माझ्या मते विमानापेक्षा मोठा.

एवढी विद्या मिळवून मी पुन्हा घरच्या इतिहासाकडे वळलो, कारण नवशिक्यानं नाव कशी घ्यावी याचा आपल्याकडचा दाखला फार वरच्या दर्जाचा आहे. सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यात. तिथं 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊंचा जन्म झाला. गावात मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, पण समुद्र तिथून शेकडो मैल. त्या माउलीच्या मुलानं 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीच्या काठाला आरमार बांधायला काढलं. अनुभव? शून्य. म्हणून जाणकार म्हणून पोर्तुगीज कारागीर ठेवले. रुई लैतांव व्हिएगस नावाचा त्यांचा म्होरक्या. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला याचा वास लागला, त्यानं त्यांना आतून फितवलं, आणि 1659 मध्ये ही सगळी जाणकार मंडळी, शेकडोंच्या संख्येनं, काम अर्धवट टाकून वसईला निघून गेली. महाराजांनी काय केलं? आपल्याच माणसांकडून जहाजं पुरी करून घेतली. पुढे 1715 च्या सुमाराला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. त्यात आरमाराच्या लाकडाबद्दल लिहिताना त्यांनी बजावलं आहे, की आंबा-फणसाला हात लावू नये, लोकांनी ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं. जुना माल घेताना मालकाचा तळतळाट घेऊ नये, हे बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात मी आजवर वाचलेलं नाही.

थोडक्यात, जाणकार हवा आणि तो पळून जाणारा नको. मला तो नळगंगेच्या काठावर सापडला.

सोसायटीच्या कर्जाच्या कागदांमुळे माझी त्यांची ओळख होती. जातीनं भोई, वय साठीच्या पुढं. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही. तरुणपणी त्यांच्याकडे लाकडी डोंगा होता. तो कुजल्यावर काही वर्षं पत्र्याची नाव, आणि ती गंजल्यावर ट्रकच्या टायरची ट्यूब. फुगवलेल्या ट्यूबवर पाट टाकायचा, त्यावर बसायचं, दोन हातांत दोन फळकुटं, आणि पहाटेच्या अंधारात जाळं ओढायचं. मी त्यांना आमचा बेत सांगितला. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

"साहेब, तुमाले पोहता येते का?"

"नाही."

"मंग त्या रोखपालसाहेबाले?"

"त्यांनाही नाही."

"मंग नाव कायले घेता? दोर घ्या ना. काठावर बसून आंघोळ करा."

मी हसलो. काका हसले नाहीत. "या धरणातून मी काढेल माणसं मोजत नाई मी," ते म्हणाले. "मोजली तं मंग मले पाण्यात जाता येणार नाई. मागच्या पोळ्याले दोन लेकरं काढली. बैल धुवाले आली होती. बैल पोहत निघाले."

त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनीच अटी सांगितल्या. धरण पाटबंधाऱ्याचं आणि मासे सोसायटीचे, तेव्हा सोसायटीची परवानगी पहिली. अंगावर जाकीट घातल्याशिवाय पाण्यात पाय नाही. उन्हाळाभर दोघांनी पोहायला शिकायचं. आणि नाव पाहायला ते स्वतः येणार. "तुमी नावेचा रंग पाहाल," ते म्हणाले, "मी बूड पाह्यतो."

बोट होती एका रिसॉर्टवाल्याकडे. त्यानं कधी काळी 'बोटिंग' काढायच्या इराद्यानं बाहेरून आणलेली. तळं आटलं, रिसॉर्टही आटलं, बोट मागच्या शेडमध्ये उताणी राहिली. बारा फूट लांब, सपाट तळाची, तीन आडव्या बाकांची. निळा रंग नवा कोरा. मागे पितळेची नक्षीदार पाटी, तीवर बोटीचं नाव 'राजहंस'. रोखपालांनी ती पाहिली मात्र, आणि त्यांचे डोळे पाणावले. मालकानं लगेच साठ हजार सांगितले. डोळे पाणावलेलं गिऱ्हाईक पाहिल्यावर मीही तेवढेच सांगितले असते.

काका मात्र बोटीकडे न बघता विहिरीकडे गेले. मालकाला म्हणाले, "पाईप द्या. हिच्यात पाणी भरतो."

"अहो, बोट पाण्यात घालतात. पाणी बोटीत नाही!"

"पाणी बाहेरून आत येते तं ते दिसत नाई," काका म्हणाले. "आतून बाहेर येते तं दिसते."

मी ऑडिटर पुष्कळ पाहिले, पण हिशेब उलटा मांडून खोट पकडणारा हा पहिलाच. आम्ही बोट चार दगडांवर टेकवून ठेवली, टाचभर पाणी भरलं आणि खाली मान घालून पाहात राहिलो. पहिली पाच मिनिटं काही नाही. मालक विजयी मुद्रेनं चहा सांगायला गेला. मग एका रिव्हेटच्या डोक्याशी थेंब धरला. मग शेजारच्या. मग एका शिवणीवर चार एकदम, माळेसारखे. काकांनी खिशातून खडू काढला आणि एकेक थेंबाला गोल करीत गेले. चहा येईपर्यंत एकोणीस गोल झाले होते. ताज्या रंगाखाली कुणीतरी डांबर आणि लांबी थापून ठेवली होती. आमच्याकडे मार्चअखेर काही खाती अशीच रंगवली जातात, पण ते असो.

रिव्हेट सैल होणं हा मोठा रोग नाही, हे मला वाचून ठाऊक होतं. खालून जड लोखंड धरून वरून हातोडा मारला, की ती पुन्हा आवळते. नाहीच आवळली तर काढून थोडी जाड नवी बसवायची. मोठा रोग मागे असतो. जिथं इंजिन टांगतात, त्या मागच्या आडव्या पत्र्याच्या आत लाकडाची फळी असते. ती कुजली तर बाहेरून कळत नाही. काकांनी बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत ती वाजवून पाहिली, कलिंगड पाहतात तशी. डावीकडे टणटण, मध्ये टणटण, उजवीकडे भद्द. मग बाकाखाली हात घातला. बोट उलटली तरी बुडू नये म्हणून तिथं फोम भरलेला असतो, तो पाणी पिऊन पिऊन विटेसारखा जड झाला होता. दोघांनी सहज उचलावी अशी ती बोट उचलायला चौघे का लागले, याचा उलगडा झाला.

आणि मग ती पितळेची पाटी. मी वाकून पाहिलं. पाटीच्या चारही स्क्रूंभोवती पांढरी भुकटी जमली होती, भिंतीला लोणा लागतो तशी. नखानं टोकरली, तर पत्र्याला वाटाण्याएवढं भोक पडलं. मी उत्तेजित होऊन 'डिफेंडर', 1895, ब्राँझ, न्यूयॉर्क असं सगळं एका दमात सांगून टाकलं. मालकाला त्यातलं काही कळलं नाही, पण बँकेचा माणूस इतका बोलतो आहे म्हणजे किंमत उतरणार, एवढं कळलं. रोखपाल माझ्याकडे प्रथमच आदरानं पाहात होते.

सौदा कसा झाला हे सांगायला हवं, कारण माझं बी.कॉम. तिथं वाया गेलं. मी घसारा काढू लागलो होतो. सरळ रेषेनं काढावा की घटत्या शिलकीनं, याचा विचार चालू होता. काकांनी विचारलं, "भंगारवाला काय भाव देते जर्मनले?" मालक गप्प. काका म्हणाले, लाकडी डोंगा मेला की सरपण होतो, प्लॅस्टिकची नाव मेली की कचरा होतो, जर्मनची मेली तरी किलोवर जाते. तेव्हा भंगाराचा भाव खालची पायरी, आणि पाणी न गळणाऱ्या नावेचा भाव वरची. "आता खडू मोजा आन् सांगा, ही कोणत्या पायरीवर हाय." बावीस हजारांवर तुटलं. पाटी मालकानं आठवण म्हणून काढून घेतली. आमचं त्यानं काही बिघडलं नाही.

पैसे भरायच्या दिवशी पाचांतले तिघे गळाले. एकाच्या घरी लग्न निघालं, एकाच्या कमरेत उसण भरली, आणि एकजण म्हणाला की त्याची आयुष्यरेषा पाण्यापाशी फाटते. उरलो मी आणि रोखपाल. तळाच्या रिव्हेटा गावातल्या पत्राकाम करणाऱ्यानं आवळून दिल्या, फळी नवी सागाची बसवली, फोम बदलला. उन्हाळाभर आम्ही दोघे एका मळ्यातल्या विहिरीत कमरेला डबे बांधून हातपाय मारीत होतो. पन्नाशीकडे झुकलेली दोन माणसं आणि काठावर टाळ्या पिटणारी शाळकरी मुलं, हे वर्णन मी इथंच थांबवतो.

दसऱ्याच्या दिवशी पहाटे नाव नळगंगेत उतरवली. मागे काका, मध्ये रोखपाल, पुढे मी. तिघांच्या अंगावर नारिंगी जाकिटं. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा घातलं होतं आणि ते त्यांना अजिबात आवडलं नव्हतं. धुकं होतं, पाणी शिशासारखं. दूर एका ट्यूबवर कुणीतरी जाळं ओढत होतं. काकांनी त्याला हाक दिली नाही, नुसता हात केला.

मध्यावर गेल्यावर माझा मोजा ओला लागला. खाली पाहिलं, तर बाकाच्या कोपऱ्याशी एक बारीक कारंजं. खडूचा विसावा गोल, जो त्या दिवशी काढायचा राहिला होता.

आम्हा बुलढाणेकरांना अशा वेळी एकच गोष्ट आठवते. दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथात, चौदाव्या अध्यायात, ओंकारेश्वराची कथा आहे. सोमवती अमावास्येला भक्तमंडळी महाराजांना घेऊन गेली, परतताना नावेत बसली, नाव खडकावर आदळली, बुडाला भोक पडलं. मंडळी घाबरी झाली, महाराज निवांत. तेव्हा नर्मदा कोळिणीच्या रूपानं आली, भोकाला हात लावून धरला आणि नाव काठाला लागली. शेगावच्या वारीला माझ्या आजीनं ती कथा मला इतक्या वेळा सांगितली आहे, की भोक पाहताच मी नकळत पाण्याकडे बघितलं.

"तिकडे काय पाह्यता?" काका मागून म्हणाले. "अंगठा लावा."

मी लावला. जन्मभर मी लोकांचे अंगठे घेत आलो. निळी शाई, डावा अंगठा, इथं, अजून एक इथं. त्या दिवशी पहाटे सहापासून साडेआठपर्यंत माझा अंगठा त्या रिव्हेटवर होता. सोडायचा तर पाणी येई, म्हणून मला गळ धरता आला नाही. रोखपालांच्या गळाला एक तिलापिया लागला, चेकबुकाएवढा. काकांनी तो हातात घेऊन पाहिला आणि परत पाण्यात सोडला. "लेकरू हाय," ते म्हणाले.

रोखपाल काही बोलले नाहीत. त्यांनी थर्मास उघडला, एक कप काकांना दिला, एक स्वतः घेतला, आणि तिसरा माझ्या मोकळ्या हातात ठेवला.